सार्कोफागोचा 'आय.एन.आर.आय.' ड्रम्सवर : गणपतीपर्यंतच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण मागच्या पावसाळ्यात असंच काहीतरी सुरू केलं होतं आणि दोन महिन्यांनी काय शिकलो, कुठे अडकलो, काही म्हणजे काही आठवेना. तर काम असं आहे. सार्कोफागो या ब्राझीलच्या मेटल बँडचा 'आय.एन.आर.आय.' हा १९८७ चा अल्बम, मूळ एलपीवरची नऊच्या नऊ गाणी, ड्रम्सवर सलग वाजवायची, एका टेकमधे, नंतर कट-पेस्ट नाही. मुदत २७ ऑगस्टच्या आत, कारण त्या दिवशी गणपती बसतात आणि पुढचे दिवस मी पथकात ताशाला असतो, नंतर हात महिनाभर कामाचे राहत नाहीत.

नऊ गाणी मिळून अर्धा तास पण होत नाही. ऐकायला अर्धा तास म्हणजे काहीच नाही पण वाजवायला म्हणाल तर सिंहगड पळत चढण्यासारखं आहे.

हा अल्बम मी पहिल्यांदा हॉस्टेलला ऐकला, सेकंड इयरला, एका सीनियरच्या हार्ड डिस्कवरून. तेव्हा मला पथकात ताशा वाजवायला लागून तीन वर्षं झाली होती आणि कुठलंही वाजवणं ऐकलं की पाच सेकंदात सम कुठे आहे ते पकडता येतं अशी माझी खात्री होती. इथे सम सापडेना. ड्रम्स धावतायत, गिटार धावतेय, वरून तो माणूस ओरडतोय आणि सगळं मिळून आता कोसळणार असं वाटतं आणि कोसळत नाही. रात्री दोन वाजता कॉटवर बसून चार वेळा ऐकला. त्या दिवसापासून हे वाजवायचं डोक्यात आहे.

१४ जून, शनिवार

जागा मिळाली. मामाचं नऱ्ह्याला प्लायवूडचं गोडाऊन आहे, त्याच्या मागच्या बाजूला एक खोली रिकामी पडली होती. मामा म्हणाला, "वापर की, पण रात्री आठनंतर आवाज नको बाबा, वॉचमनची पोरं लहान आहेत." कबूल. जॅम रूमला तासाला पैसे मोजून हे काम होणारच नाही, त्यात रोज किट दुसऱ्याने हलवलेलं असतं, सीटची उंची बदललेली असते, पहिली वीस मिनिटं तिथेच जातात.

भिंतींना आज्जीच्या माळ्यावरच्या जुन्या कापसाच्या गाद्या लावल्या, सहा गाद्या, खिळे ठोकून दोरीने बांधल्या. आवाज एकदम बसला. आधी स्नेअर (मांडीसमोरचा छोटा ड्रम) मारला की पत्र्यावर दगड पडल्यासारखा घुमत होता, आता ठक्क असा जवळ येतो.

बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं डबल पेडल सेकंडहँड घेतलंय. विकणाऱ्याने चालू आहे म्हणून दिलं, घरी आणून दहा मिनिटं वाजवलं तर डाव्या पायाची चेन घसरायला लागली, आता तो फोन उचलत नाही. शेवटी नऱ्ह्याच्याच सायकलवाल्याकडे नेलं. त्याने उलटं-पालटं करून बघितलं आणि म्हणाला, "एक कडी ताणलीय, बाकी काय नाय." कडी बदलली, ग्रीस लावलं, चाळीस रुपये घेतले. आता मस्त फिरतंय.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामाला आहेत, अर्धे रस्ते बंद, गोडाऊनला जायचं म्हणजे तीन तास. म्हणून आज घरीच फक्त ऐकायचं काम केलं. मोठा आलेख पेपर घेतला, प्रत्येक गाण्याला एक आडवी पट्टी, रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) बदलला की उभी रेघ, ब्लास्ट (हात-पाय सुसाट सुटतात तो ठेका) असेल तिथे लाल, साधा वेगवान ठेका असेल तिथे निळा, हळू भाग हिरवा. 'नाईटमेअर' सगळ्यात लांब आहे, पावणेपाच मिनिटांच्या आसपास, आणि त्याची पट्टी सगळ्यात रंगीत झालीय. 'डेसिक्रेशन ऑफ व्हर्जिन' दोन मिनिटांच्या आत संपतं. शीर्षकगीत जेमतेम दोन मिनिटांचं.

ज्यांना हा बँडच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. बँड बेलो होरिझोन्तेचा, हे शहर ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्याची राजधानी. राज्याच्या नावातच खाणी आहेत, आधी सोनं निघायचं, आता लोखंड, आणि शहराच्या कडेला जो डोंगर आहे त्यातही लोहखनिज. शहर आखून बांधलेलं, १८९७ साली सुरू झालं. ब्राझील म्हटलं की आपल्याला रिओ आणि साओ पाउलो दिसतं, हे आतलं, समुद्र नसलेलं शहर कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही. पण ऐंशीच्या दशकात तिथे मेटलचं जे झालं ते फार कमी गावांत झालं असेल. कोगुमेलो नावाचं एक रेकॉर्डचं दुकान होतं, कोगुमेलो म्हणजे अळंबी. पोरं तिथे पडीक असायची, आणि १९८५ ला दुकानाने स्वतःच लेबल सुरू केलं. पहिली रेकॉर्ड सेपुल्तुरा आणि ओव्हरडोज या दोन बँड्सची मिळून एक. मग १९८६ ला 'वॉरफेअर नॉइझ' नावाचं संकलन, त्यात सार्कोफागो, चकाल, म्युटिलेटर, होलोकॉस्टो. आणि १९८७ ला हा अल्बम.

लष्करी राजवट १९६४ ते १९८५, म्हणजे ही पोरं जन्मली आणि मोठी झाली ती सगळी त्या काळात. महागाई इतकी की पैशाची किंमत महिन्या-महिन्याला उतरत होती. बाहेरची चांगली गिटार, चांगला अँप, चांगलं किट मिळणं मुश्किल. हे सगळं मी पुस्तकी म्हणून सांगत नाहीये, ते ड्रम्सच्या आवाजात ऐकू येतं. टॉम्स कोरडे आहेत, झांजा पत्र्यासारख्या वाजतात, आणि त्याच किटवर डी. डी. क्रेझी नावाचा पोरगा असा तुटून पडलाय की आज जगभर मेटलवाले ब्लास्ट बीटच्या सुरुवातीच्या लोकांत त्याचं नाव घेतात.

आवाज बंद केला तेव्हा खालून टाळ ऐकू येत होते.

२९ जून, रविवार

क्लिक ट्रॅक (वेग धरायला कानात वाजणारी टिक-टिक) बनवायचा म्हणून आज रिपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे अल्बम टाकला आणि गाणं-गाणं करून टेम्पो मोजायला बसलो. डोकं फिरलं. एकही गाणं एका वेगात नाही. रिफ बदलला की वेग जरा चढतो, ओरडणं सुरू झालं की अजून चढतो, हळू भाग आला की बसतो आणि परत आलेला वेगवान भाग पहिल्याइतकाच नसतो. ग्रिडवर ओढून बघितलं, तर बार चारला जुळलं की बार नऊला सुटतं.

ठरवलं की प्रत्येक भागाचा सरासरी आकडा घ्यायचा आणि त्याचा क्लिक करायचा. म्हणजे त्यांच्या चुका राहणार नाहीत आणि माझं वाजवणं घट्ट होईल. चार तास लागले, तीन गाणी झाली.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपास सोडला नाही पण साबुदाणा खाऊन दोन तास ब्लास्ट मारणं ही चूक होती, पुढच्या वेळी केळी.

ब्लास्ट म्हणजे काय ते एकदा लिहून ठेवतो. उजवा हात हायहॅट किंवा राइड या झांजांवर, डावा स्नेअरवर, एकाआड एक, आणि पाय उजव्या हाताबरोबर. हळू केलं तर अगदी बाळबोध आहे, पहिलीतलं पोरगं वाजवेल. वेग वाढवत गेलं की दोन्ही हातांच्या मधली फट कमी-कमी होत जाते आणि एका ठिकाणी हातच ठरवतात की बास. मी मिनिटाला १४० च्या वेगापासून सुरू केलं, दर तीन दिवसांनी पाच-पाच वाढवतोय. १८५ ला डाव्या हाताचं कोपरापासून मनगटापर्यंत दगड होतं. बाटलीचं झाकण उघडता येत नाही. आईने आज ताट वाढून पुढे ठेवलं आणि माझ्या हाताकडे बघून काहीच बोलली नाही, नुसतं तिळाचं तेल कोमट करून आणून दिलं.

१२ जुलै, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

पथकाचा सराव सुरू झालाय, संध्याकाळी नदीपात्रात. ढोल ताणायचं काम चालू होतं, मी कडेला कट्ट्यावर बसून मनगट चोळत होतो. आमचे ताशाचे दादा, ज्यांच्याकडून मी अकरावीत पहिली तर्री (ताशाचे न तुटता चालणारे झपाझप ठोके) शिकलो, ते बाजूला येऊन बसले. म्हणाले, "काय रे, हात काय झाला?" मी मोबाईलवर माझाच परवाचा व्हिडिओ दाखवला, १८५ चा. त्यांनी आवाज बंद करून बघितला. दोनदा. मग म्हणाले, "तू मारतोयस. वाजवत नाहीयेस."

मी म्हटलं दादा ड्रमला जोर लागतो, ताशासारखं नसतं. ते म्हणाले, "काडी कोणी वर आणायची? तू का पानानं?" पान म्हणजे ताशाचा वाजवायचा पडदा. आणि ताशा गळ्यात अडकवून त्यांनी तर्री धरली, आणि मला म्हणाले माझ्या करंगळीकडे बघ. दहा वर्षं बघतोय तो हात पण करंगळीकडे कधी बघितलं नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काडीला नुसतं टेकत होतं, परत आलेली काडी खाली सोडत होतं, बास. मनगट जवळजवळ शांत. कोपर तर अंगाला चिकटलेलं. पत्र्यावर जोराचा पाऊस पडावा तसा आवाज आणि माणूस निवांत, माझ्याशी बोलतोय.

ताशात मी हे करतोच. किटवर बसलो की समोर एवढं मोठं लाकूड-लोखंड दिसतं आणि हात आपोआप मारामारीला जातो. स्टिक जाड असते, पकड घट्ट होते, आणि घट्ट झाली की टप्पा मरतो.

घरी येऊन पॅडवर दीड तास. करंगळी टेकवून. १९५ ला हात मोकळा होता.

२० जुलै, रविवार

पहिली चार गाणी क्लिकवर रेकॉर्ड केली. दोन माइक, एक डोक्यावर, एक बास ड्रमसमोर. हात छान चाललाय, करंगळीचं जमतंय, एकही ठोका सुटला नाही. ऐकताना मला आनंद व्हायला हवा होता.

नाही झाला. तीन वेळा ऐकलं. सगळं बरोबर आहे आणि काहीच होत नाहीये. मूळ गाणं ऐकताना छातीत जे धरल्यासारखं होतं, आता पडणार आता पडणार, ते कुठेच नाही. शिलाई मशीन चालू आहे असं वाटतं. मग मूळ गाणं लावलं, मग माझं, मग मूळ, असं करत बसलो आणि पाचव्या-सहाव्या वेळी लक्षात आलं की मी २९ जूनला ज्याला चूक म्हणून खोडत होतो तेच तर गाणं आहे. रिफ बदलतो तिथे तो जरा पुढे उडी मारतो, गिटार मागे राहते, मग गिटार त्याला गाठते, आणि गाठलं की दोघं मिळून अजून पुढे जातात. ती ओढाताण मी आकड्यांची सरासरी काढून सपाट केली. वेग तोच ठेवला आणि घाई काढून टाकली. या अल्बममधे घाई हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, त्या पोरांना आजच, आत्ताच सगळं बोलून टाकायचंय.

त्यांचा गायक वॅग्नर आधी सेपुल्तुरामधे होता, १९८५ ला बाहेर पडून इकडे आला. सेपुल्तुरा पुढे जगभर गेला, सगळ्यांना माहीत आहे. यांनी वाट पाहिली नाही, जे होतं त्यावर वाजवलं.

क्लिकच्या सगळ्या फाइल्स उडवल्या. तीन आठवडे गेले त्यात, पण ठीक आहे.

२३ जुलै, बुधवार

काल रात्री ऑझी ऑस्बोर्न गेला, ब्लॅक सॅबथचा गायक. ७६ वर्षांचा होता. आत्ता ५ जुलैला बर्मिंगहॅममधे खुर्चीवर बसून शेवटचं गायला होता, आम्ही पाच-सहा जणांनी मिळून बघितलं होतं, तेव्हाच सगळ्यांच्या डोळ्यात पाणी होतं.

आज ऑफिसमधून थेट गोडाऊनला गेलो. ब्लास्ट वगैरे काही नाही, ब्लॅक सॅबथची पहिल्या रेकॉर्डमधली हळू गाणी वाजवली, १९७० ची. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेली होती आणि त्यावर टोपणं बसवून तो गिटार वाजवायला लागला, त्यातून हा सगळा जड आवाज आला. त्याच बर्मिंगहॅमकडच्या नेपाम डेथ या बँडचा 'स्कम' हा अल्बम पण १९८७ चाच, आणि ब्लास्ट बीट हे नाव त्यांचा ड्रमर मिक हॅरिसने दिलं असं मानतात. म्हणजे एकाच वर्षी इंग्लंडच्या कारखान्यांच्या गावात आणि ब्राझीलच्या खाणींच्या गावात पोरं त्याच वेगाला जाऊन पोचली होती. हे मला फार मोठं वाटतं.

साडेसातला थांबलो. वॉचमनचा धाकटा दारात उभा होता, म्हणाला, "आज हळू का वाजवलं?"

२७ जुलै, रविवार

क्लिक नाही तर मग वेग कशाला धरायचा हा प्रश्न होताच. अल्बम कानात लावून वाजवून बघितला, पण मग मी त्याच्या मागे-मागे फरफटत जातो, त्याने उडी मारली की मी अर्ध्या ठोक्याने उशिरा. ते पण मेलेलंच वाटतं.

पथकात शंभर ढोल असतात आणि कोणाच्याही कानात क्लिक नसतो. ताशा पुढे बोलतो, ढोल त्याच्यावर येतात, आणि मिरवणुकीत लोकांचा जोर वाढला की ताशाचा हात चढतो आणि आख्खं पथक चढतं. कोणी कोणाला सांगत नाही. ताशाला पण ढोल ऐकावे लागतात, एकटा सुटला तर मागचे तुटतात, हे मी स्वतः एकदा लक्ष्मी रोडला केलेलं आहे आणि त्याबद्दल दादांनी मला दोन दिवस ताशा दिला नव्हता.

म्हणजे मला समोर माणूस पाहिजे. चिंचवडच्या गिटारवाल्या मित्राला फोन लावला. म्हटलं नऊ गाणी बसव, तीन आठवडे आहेत, तुझा आणि माझा दोघांचा एकच टेक. तो म्हणाला, "येडा झालायस का तू? कुठली नऊ?" नाव सांगितलं. दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला रविवारी येतो, चहाचं बघ.

३ ऑगस्ट, रविवार

मित्र आला. तीन गाणी बसवून आला होता, उरलेली तिथेच ऐकत बसवली. अँप गादीकडे तोंड करून ठेवला, आम्ही समोरासमोर, मधे चार फूट. पहिल्यांदा लागलो तर बारा सेकंदांत तुटलं. दुसऱ्यांदा तीस. त्याचा उजवा हात बघत वाजवायला लागलो तेव्हा जमायला लागलं, तो रिफ बदलायच्या आधी खांदा किंचित उचलतो, ते त्याला पण माहीत नव्हतं. आता तो खांदा माझा ताशा आहे.

दुपारी जेवायला घरी आणलं त्याला. टेबलावर लॅपटॉपवर अल्बमचं कव्हर उघडं होतं, चौघं जण कबरस्तानात, तोंडाला पांढरं-काळं फासलेलं, अंगावर कातडं, गोळ्यांचे पट्टे, मनगटावर लांब-लांब खिळे. हा वेश पुढे नॉर्वेच्या बँड्सनी उचलला, मेहेम आणि डार्कथ्रोनवाल्यांना हा अल्बम फार प्रिय होता. आज्जीने चष्मा लावून वाकून बघितलं. "हे कोण रे?" मी सांगितलं ब्राझीलची पोरं आहेत, बँड आहे. "वय काय?" म्हटलं विशीच्या आसपास असतील तेव्हा. आज्जी म्हणाली, "म्हणजे लहानच की. घरी कोणी ओरडलं असेल." आणि मित्राला अजून एक पोळी वाढली.

शब्दांबद्दल पण लिहायला हवं. अल्बमभर देव-धर्माची निंदा आहे. मिनास जेराइस म्हणजे जुन्या चर्चचा मुलूख, बेलो होरिझोन्तेपासून जवळच ओरो प्रेतो नावाचं गाव आहे, अठराव्या शतकातल्या खाणीच्या सोन्याने मढवलेली चर्च आहेत तिथे, ते सोनं गुलामांनी काढलेलं. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराने आरडाओरडा करायचा तर पहिला तिकडेच करणार, ते मला समजतं. पण एक-दोन गाण्यांत बायकांबद्दल जे आहे ते मला पटत नाही, हॉस्टेलला पण पटलं नव्हतं. आम्ही गाणार नाही आहोत, फक्त वाजवणार आहोत, तरी हे स्पष्ट लिहिलेलं बरं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ताई आली होती. डाव्या तर्जनीच्या आतल्या बाजूला फोड फुटलाय, तिने हळद लावून पट्टी बांधली, राखी वरच्या मनगटावर. दोन दिवस सुट्टी.

सुट्टीत या लोकांचं पुढे काय झालं ते परत वाचत होतो. अल्बम आल्यावर बँड काही काळासाठी फुटला. वॅग्नर शिकायला गेला. डी. डी. क्रेझी बाहेर पडला, नंतर सेक्सट्रॅश या बँडच्या अल्बमवर वाजवला. सार्कोफागो परत उभा राहिला, १९९१ ला 'द लॉज ऑफ स्कर्ज' काढला, त्यात वाजवणं कितीतरी सफाईदार आहे, मला तो पण आवडतो. पण सफाई आल्यावर ती आधीची थरथर गेली. वॅग्नर पुढे अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, त्याच बेलो होरिझोन्तेच्या विद्यापीठात. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या पोराला माहीत असेल का, की समोर फळ्यावर लिहिणारे सर कोण आहेत.

१७ ऑगस्ट, रविवार

रंगीत तालीम. काल दहीहंडीमुळे मित्र येऊ शकला नाही म्हणून आज डबल वेळ. सलग नऊ गाणी लावली आणि 'सतानास' संपता संपता लाईट गेली. अँप बंद, मी तसाच वाजवत राहिलो, मित्र नुसत्या तारांवर वाजवत होता, अंधारात त्याचा खांदा दिसत नव्हता. आणि कसं काय माहीत नाही, पुढचं गाणं जुळलं. तारांचा आवाज माझ्या स्नेअरखाली ऐकूच येत नव्हता. गाणं संपलं आणि आम्ही दोघं काही न बोलता बसून राहिलो, घाम टपटप स्टूलवर पडत होता, गाद्यांना ओलीचा वास येत होता.

लाईट पाऊण तासाने आली. परत लावलं, 'डेथरॅश'मधे माझा पाय अडकला, तिथे थांबलो. पावसाने बास ड्रमचं चामडं नाही तर लाकूड जरा फुगलंय असं वाटतं, एक बोल्ट फिरतच नाही. रॉकेल लावून ठेवलाय.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी नऊला पोचलो. बोल्ट फिरला. सगळी कातडी परत जुळवली. मित्र साडेनऊला आला, उपाशी, त्याला आधी दोन इडल्या खायला लावल्या.

टेक एक: 'नाईटमेअर'च्या हळू भागातून बाहेर येताना मी लवकर निघालो, तुटलं. माझी चूक.

टेक दोन: सात गाणी बरोबर गेली, आठव्यात त्याची तार तुटली. तो रडकुंडीला आला. तार बदलली, ताणली, अर्धा तास गेला. मी तोवर आलेख पेपर भिंतीवरून काढून घडी घालून ठेवला, आता त्याची गरज नव्हती.

टेक तीन, बारा वाजून दहा. मोजलं नाही, मी स्टिक्स चार वेळा वाजवल्या नाहीत, नुसता त्याच्याकडे बघितलं आणि त्याने खांदा उचलला. पहिल्या गाण्यात आम्ही ठरवल्यापेक्षा बरेच वेगात होतो, मला कळत होतं, आणि आता हा वेग शेवटपर्यंत पुरणार नाही असं वाटून पोटात गोळा आला. तिसऱ्यात जरा बसलो. पाचव्यापाशी डाव्या हाताची दंडाकडची बाजू जळायला लागली, करंगळी टेकव करंगळी टेकव असं मनात म्हणत होतो. पट्टी सुटून स्नेअरवर पडली, तिच्यावरच वाजवलं, दोन-तीन ठोके बसके आलेत, रेकॉर्डिंगमधे ऐकू येतात. आठव्यात तो माझ्यापुढे गेला, मी गाठलं. 'द लास्ट स्लॉटर' साडेचार मिनिटांच्या वर आहे आणि त्यातली शेवटची दीड-दोन मिनिटं मला आठवतच नाहीत, फक्त त्याचा खांदा आठवतो आणि खांद्याच्या मागे दारात वॉचमनची दोन्ही पोरं, कानावर हात ठेवून उभी.

शेवटची झांज हाताने धरून बंद केली.

मित्राने विचारलं, "अजून एक घेऊया का?" मी हात दाखवला. स्नेअरवर रक्ताचे ठिपके होते, थोडेच.

ऐकलं. मूळ अल्बमपेक्षा आम्ही एकूण अठरा सेकंद लवकर संपवलंय. चौथ्या गाण्यात एक ठोका चक्क गायब आहे, सहाव्याच्या सुरुवातीला आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या जागी आहोत आणि मग एकत्र येतो. काहीही दुरुस्त केलेलं नाही. फाइल दोन ठिकाणी सेव्ह केली, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे.

संध्याकाळी नदीपात्रात गेलो, दादांना कानात लावून दिलं. त्यांनी पूर्ण ऐकलं नाही, तीन-चार मिनिटं ऐकलं असेल, डोळे मिटून, डाव्या हाताची करंगळी मांडीवर हलत होती. मग हेडफोन काढून म्हणाले, "गिटारवाला चांगला आहे तुझा." आणि म्हणाले बोट बरं कर, परवा पहिली मिरवणूक आहे, तू पुढच्या रांगेत.